पुढच्या पौर्णिमेला तो पाय कुठे असेल?

(माघ पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, कचारगडाच्या पायथ्याशी धनेगाव येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा छापील पाठ)



मी कृत्रिम पाय बसवणारा माणूस. व्यासपीठावरची भाषा मला फारशी जमत नाही. हात प्लास्टरने पांढरे झालेले असताना समोरच्याशी जे बोलतो, तेच आज जरा मोठ्या आवाजात बोलणार आहे. दुपारी दरेकसा स्टेशनावर उतरलो. डब्यांतून माणसं उतरत होती आणि मी सवयीने त्यांच्या पायांकडे बघत होतो. अर्ध्या तासात सहा कुबड्या मोजल्या, दोन जयपूर फूट, एक कॅलिपर, आणि नातवाच्या पाठीवर बसून आलेली एक आजी.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांची माझी ओळख आश्रमशाळेतली. शाळेला कोणी काही भेट दिली की गुरुजी आदराने हार घालत, चहा पाजत आणि पावती फाडताना हळूच विचारत, की हे मोडलं तर यायचं कोणाकडे? देणारा बहुतेक वेळा हसत असे. एकदा तो प्रश्न मलाच विचारला गेला, आणि मला हसता आलं नाही. तो प्रसंग पुढे सांगतो.

गोंडी कथेत कली कंकालीची तेहतीस मुलं कचारगडाच्या या गुहेत कोंडली गेली, जंगो रायताड आणि पारी कुपार लिंगो यांनी ती सोडवली, आणि दगड हलवताना हिरासुका पाटालीरचा त्याच दगडाखाली जीव गेला. ही कथा मी तुम्हाला सांगायची म्हणजे लहान तोंडी मोठा घास. माझ्यासारख्या कारागिराला त्यात एक साधीच गोष्ट दिसते: कोंडलेली मुलं बाहेर आली ती स्वतःच्या पायांनी चालत. म्हणून इथे यायचं ते पायीच यायचं, असं तुमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण मानतो. धनेगावहून वर जाताना झाडीतली वाट आहे, ओढा आहे, मग दगडधोंडे आणि चढण. पायातलं काढून देवापुढे जायचं, मांडी घालून बसायचं, उकिडवं बसून जेवायचं. कृत्रिम पायाची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. प्रयोगशाळेत पाय लाखो वेळा वाकवून पाहतात. कचारगडावर एकदाच वाकवावा लागतो, पण खरा.

जयपूर फूटची गोष्ट याच गरजेतून सुरू होते. 1960च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात जे कृत्रिम पाय मिळत, ते परदेशी नमुन्याचे होते. त्यांचा घोटा ताठ, टाच मऊ, आणि वर बूट घालायचाच अशी रचना. बूट घालून शेतात कोण जातो? देवळात कोण जातो? माणसं पाय घेऊन जात आणि कोपऱ्यात उभा करून ठेवत. रुग्णालयातल्या कारागिरांत रामचंद्र शर्मा होते. त्यांना सगळे मास्टरजी म्हणत. फारसं न शिकलेला, पण हातात कसब असलेला माणूस. सायकल पंक्चर झाली म्हणून दुकानात थांबले असताना ट्रकच्या टायरवर रबर चढवताना पाहिलं आणि तिथून रबराच्या पायाची कल्पना सुचली, असं सांगतात. डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर त्यांनी 1968च्या सुमारास जो पाय घडवला, तो अनवाणी चालतो, घोट्यात सगळीकडे झुकतो, चिखलातून येतो आणि धुतला की पुन्हा कामाला लागतो. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मास्टरजींचं नाव त्या मानाने मागे राहिलं. कारागिरांचं ते नेहमी राहतंच, असो.

1975 साली देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि हा पाय देणग्यांच्या बळावर फुकट मिळू लागला. पायाची नळी ते शेताच्या पाण्यासाठी वापरतात तसल्या पाइपापासून करू लागले. पाइप भट्टीत तापवायचा, मऊ झाला की प्लास्टरच्या साच्यावर ओढायचा, थंड झाला की कापून घासायचा. सकाळी आलेला माणूस संध्याकाळी पाय घालून निघतो. पुढे 2008च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी नायलॉनचा गुडघा तयार केला. खर्च सुमारे वीस डॉलर. ‘टाइम’ साप्ताहिकाने 2009च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. देणगीतून उभं राहिलेलं तंत्रज्ञान कसं असावं, याचं हे चांगलं उदाहरण मी मानतो. ते अडचण पाहून जन्मलं, देणगीदाराची हौस पाहून नव्हे.

मग बिघडतं कुठे?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मोठं शिबिर झालं. कोणी भरवलं ते सांगत नाही, कारण दोष माझाही आहे. दोन दिवसांत शंभरावर माणसं मोजायची होती. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा, गुडघ्याखाली उजवा पाय नाही. मी घाईत साचा घेतला. पाय बसला, मुलगा चालला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. वर्षभराने त्याच्या पाड्यावर गेलो, तर पाय भिंतीवर खुंटीला टांगलेला. मुलाची उंची वाढली होती, पायाची वाढली नव्हती. तो बांबूच्या कुबडीवर आनंदाने हिंडत होता. बाप म्हणाला, “साहेब, पाय त बरा हाये, पण पोरगं मोठं झालं ना.” त्या पाड्यावर माझ्याबरोबर गुरुजी होते, आणि त्यांनी मला विचारलं, की आता यायचं कोणाकडे?

उत्तर द्यायचं झालं तर आधी पायाचं गणित सांगावं लागेल. वाढत्या मुलाला साधारण वर्षाला नवा पाय लागतो. मोठ्या माणसाचा पाय कापल्यावर उरलेला भाग पहिल्या वर्षात आक्रसत जातो. आज घट्ट बसलेलं सॉकेट सहा-आठ महिन्यांत खुळखुळायला लागतं, मोजा दुपटीने घालावा लागतो, मग त्वचा सोलते, जखम होते, आणि जखम झाली की पाय पुन्हा खुंटीवर. गुडघ्याखालच्या पायात वजन मुख्यतः गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड कंडरेवर घ्यायचं असतं. साचा घेताना तिथे अंगठ्याने नेमका दाब दिला नाही तर सगळं वजन हाडाच्या टोकावर जातं. या सगळ्याला पैसे कमी लागतात, माणूस जास्त लागतो. अपंगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतही हे गणित मान्य केलेलं आहे. 1981पासून चाललेली ही योजना मोठ्या माणसाला तेच साधन तीन वर्षांनी आणि लहान मुलाला वर्षाने पुन्हा देऊ शकते. पण वर्षाने ते मूल शोधणार कोण? कोणीतरी यादी ठेवली असेल, तर.

शिबिराच्या फलकावर एकच आकडा असतो: किती वाटले. किती जण अजून घालतात, हा आकडा मी अजून एकाही फलकावर पाहिलेला नाही.

पैसा नाही, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. 2013च्या कंपनी कायद्याच्या 135व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. एप्रिल 2014पासून तो पैसा वाहतो आहे. त्या खर्चाचं वर्ष मार्चअखेरीस संपतं, म्हणून माघ-फाल्गुनात शिबिरांचं पीक येतं. बांधीतलं धान कापून झालेलं असतं, माणसं मोकळी असतात, आणि हिशेबनीसांना घाई असते. कंपन्यांचे लोक मला सांगतात, आम्हाला एकदाच देता येतं, दुरुस्तीचा खर्च बसत नाही. हे खरं नाही. याच कायद्याच्या नियमांत चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत पैसा देण्याची सोय आहे. 2021पासून तर मोठ्या कंपन्यांना एक कोटी आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम, प्रकल्प संपल्यावर वर्षभर थांबून, बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा लागतो. कायद्याने वाट मोकळी ठेवलेली आहे. तिच्यावरून जाणारे कमी, कारण तीन वर्षं पट्टे बदलत बसण्याचा फोटो निघत नाही.

आता मोठ्या यंत्रांकडे येतो. पक्षाघात झालेल्या माणसाचा हात हलवणारे, त्याला पट्ट्यावर चालवणारे रोबो आहेत. त्यांची किंमत कोटींत बोलली जाते आणि दानशूर माणसांना ते फार आवडतात. मी त्यांचा शत्रू नाही. पण 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास आला. पक्षाघाताचे 770 रुग्ण. काहींच्या हाताला रोबोने व्यायाम, काहींना तेवढाच जादा व्यायाम माणसाच्या हातून, काहींना नेहमीचे उपचार. हाताने रोजची कामं करण्यात रोबोवाले पुढे गेले नाहीत. म्हणजे भौतिकोपचार करणाऱ्या मुलीहून यंत्र जास्त काही करत नाही, आणि ती मुलगी वीज गेली तरी काम करते. एका रुग्णालयात मी असंच एक देणगीतलं यंत्र पाहिलं. विजेच्या दाबाच्या चढउताराने त्याची सर्किटची पाटी जळली होती, सुटे भाग परदेशातून यायचे होते, आणि वर प्लास्टिकचं झाकण घातलेलं होतं. त्याच्यावरची देणगीदाराची पितळी पट्टी मात्र रोज घासलेली दिसत होती. ती घासणारी बाई रोजंदारीवर होती. तिचा पगार देणगीत नव्हता.

महाराष्ट्रात याआधी वेगळं काही घडलेलं आहे, ते सांगायला हवं. फातिमा इस्माइल यांच्या मुलीला पोलिओ झाला. त्या बाई मुलीसाठी उपचार शोधत फिरल्या, आणि 1947 साली मुंबईत त्यांनी अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच हाजीअलीजवळचं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याच परिसरात 1955 साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या मदतीने अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था निघाली. ही परदेशी मदतच होती. पण त्या मदतीचं जे आजही उरलं आहे, ते म्हणजे शिक्षण. कृत्रिम अवयव करणारे, भौतिकोपचार करणारे, व्यवसायोपचार करणारे लोक तिथे आजही घडतात. त्या काळातली यंत्रं केव्हाच भंगारात गेली असतील. माणसं एकातून दुसरी तयार होत गेली. देणगीचा पैसा यंत्रात घातला तर तो झिजतो, आणि हातात घातला तर वाढतो, असं मला तिथल्या कामावरून वाटलं. माझे एक ज्येष्ठ तिथले. साचा घेताना त्यांनी माझ्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून दाब किती द्यायचा ते शिकवलं होतं. हे कुठल्या पेटीतून येत नाही.

आपल्या झाडीपट्टीच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पहिली सिकलसेलची. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, इथल्या घराघरांत हे दुखणं माहीत आहे. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि खुब्याच्या गोलाला रक्त कमी पडून तो मरतो. पंचविशीतलं पोरगं लंगडायला लागतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाच्या सात प्रकारांचे एकवीस केले, त्यांत सिकलसेल आलं. त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झाली. खुब्याचा गोल पूर्ण खराब झाला तर सांधा बदलावा लागतो. पण तोवर, आणि अनेकदा वर्षानुवर्षं, उपयोगी पडते ती काठी. आता नीट ऐका, कारण बरेच जण काठी चुकीच्या हातात धरतात. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. हात खाली सोडला की मनगटाच्या रेघेपर्यंत तिची उंची. डावा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे. एवढ्याने दुखऱ्या सांध्यावरचं ओझं बरंच उतरतं. बांबू आपल्या रानात उगवतो. याला कोणी देणगी देत नाही, आणि म्हणूनच हे कोणी शिकवतही नाही.

दुसरी कुष्ठरोगाची. संवेदना गेलेल्या पायाला काटा लागला तरी कळत नाही, आणि बोटं झडतात ती रोगापेक्षा जखमांनी. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे 1940च्या दशकाअखेरपासून दाखवून दिलं. म्हणून मऊ रबराची चप्पल द्यायची. चप्पल उत्तम, स्वस्त, फुकट वाटली जाणारी. आणि तरी किती जण ती घालत नाहीत! कारण ती चप्पल पाहिली की बाजारात लोकांना कळतं. रंग आणि घाट बदलून ती बाकीच्यांच्या चपलेसारखी केली की तीच माणसं रोज घालतात. वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांच्या हाताला काम दिलं, तेव्हा त्यांना माणसाची लाज ही कुठल्याही जंतूपेक्षा मोठी अडचण आहे हे ठाऊक होतं. आम्ही तंत्रज्ञ मात्र रबराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजत बसतो.

चाकाच्या खुर्चीचंही तेच. अमेरिकेतले डॉन शेंडॉर्फर यांनी 2001 साली एक संस्था काढली. पांढरी प्लास्टिकची बागेतली खुर्ची, तिला सायकलची चाकं. लाखो खुर्च्या जगभर गेल्या. चांगला हेतू, भरपूर उपयोग, आणि टीकाही झाली, कारण पाठीचा मणका मोडलेल्या माणसाला एका मापाची खुर्ची दिली तर बसल्या जागी जखमा होतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली खुर्ची देण्याबद्दल सूचना काढल्या. त्यांत माप घेणं, बसवून पाहणं, शिकवणं आणि नंतर पाहायला जाणं हे सगळं आलं. त्या संस्थेने पुढे मापं जुळवता येतील अशा खुर्च्या काढल्या. चूक कळली की सुधारणारा दाता मला आवडतो. असे थोडेच असतात.

आता कचारगडाचं सांगतो, म्हणजे माझं मागणं.

तुम्ही इथे महाराष्ट्रातून येता, छत्तीसगडातून येता, मध्य प्रदेशातून येता, तेलंगणातूनही येता. शिबिर मात्र जिल्ह्याचं असतं. सालेकशाच्या माणसाने पाय घेतला आणि तो मजुरीला राजनांदगावकडे गेला, की त्याच्या पायाचा वाली नाही. शिवाय एका संस्थेचा पाय पाइपाचा आणि दुसरीचा आतून नळीचा. एकाचा नटबोल्ट दुसऱ्याला लागत नाही. तुटला की घरी. आम्ही लोक तो पाय शोधत पाड्यापाड्यावर गेलो तर जन्म पुरणार नाही. पण एक दिवस असा आहे, की ज्या दिवशी ही सगळी माणसं न बोलावता एका जागी येतात. तिथी ठरलेली असते. निमंत्रणपत्रिका लागत नाही, बस लागत नाही, मंडप तुम्हीच घालता.

म्हणून देणगीदारांनी इथे पाय वाटू नयेत, असं माझं म्हणणं आहे. वाटायचे तर कुठेही वाटा. इथे तीन दिवस दुरुस्तीची टपरी टाका. एक ड्रिल, एक हीटगन, पट्टे, बकला, वेल्क्रो, उरल्या पायाचे सुती मोजे, तीनचाकी सायकलचे छर्रे, ट्यूब, आणि कुबडीच्या रबरी टोप्या. कुबडीची टोपी झिजून लाकूड दगडावर घसरलं तर वरची चढण जीवघेणी ठरते, आणि त्या टोपीची किंमत चहाच्या एका फेरीएवढी आहे. बरोबर दोन माणसं: एक माझ्यासारखा, एक सायकल दुरुस्त करणारा. चपला शिवणारा मिळाला तर तिसरा तोच, कारण पट्टा शिवण्यात आमच्यापेक्षा त्याचा हात बसलेला असतो. आणि एक वही. वहीत नाव, गाव, पाय कोणत्या वर्षी मिळाला, आणि एकच प्रश्न: घालता का? नाही, तर का नाही? पुढच्या पौर्णिमेला तीच वही पुन्हा उघडायची. उद्या कोणी कंपनी विचारेल, आमच्या पैशाचा परिणाम काय, तर ही वही तिच्यापुढे ठेवता येईल.

मी हे हवेत बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी वर जाताना वाटेत एक आजी बसलेली भेटली. मांडीवरून पाय गेलेला, पाइपाचा पाय लावलेला, जुना. कंबरेचा पट्टा तुटला होता आणि तिने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गाठ मारून चालवलं होतं. मी गाठ सोडून नीट बांधायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, “राहू दे बाबू, माह्या नातवानं बांधली हाये, तिनंच मी दोन साल चढलो.” गाठ पाहिली. खरोखरच चांगली होती. ताण घेते आणि आवळत नाही, अशी. मी आजवर इतक्या पायांना पट्टे लावले, ती गाठ मला ठाऊक नव्हती. तिच्या नातवाला शोधून ती शिकून घेतली. आज दुपारी स्टेशनावर पाठीवर बसून आलेली आजी तीच. पाय यंदा गुडघ्यात अडकतो आहे. बिजागरी पाहावी लागेल.

तेव्हा मी इथे थांबतो. खालच्या ओढ्याजवळ, पाण्याच्या टाकीशेजारी माझी लोखंडी पेटी ठेवली आहे आणि सोबत एक सायकलवाला आहे. चाळीस रबरी टोप्या आणल्या आहेत, त्यातल्या सहा दुपारीच गेल्या. वर चढायच्या आधी ज्यांचा पट्टा सैल आहे, ज्यांचं सॉकेट टोचतं आहे, त्यांनी आज रात्रीच यावं. उजेडासाठी कंदील आहे. आजीला आधी बसवू.